हाली, कलदार आणि पदके: वारशातल्या राजमुद्रांची पारख

घरातल्या जुन्या पेटीत राजाच्या छापाची नाणी किंवा पदके निघाली, की पहिला प्रश्न किमतीचा निघतो. माझ्या मते त्याचा क्रम तिसरा आहे. आधी विचारावे, ही वस्तू नेमकी कोणती. मग विचारावे, ती या घरात कुणाकडे आणि कशापायी आली. या दोन्हींची उत्तरे पक्की असली तर किंमत ठरवायला फार वेळ लागत नाही. ती नसली तर समोरचा सांगेल तो आकडा मुकाट्याने मान्य करावा लागतो. ‘जितके जुने तितके महाग’ हा समज तर आधीच बाजूला ठेवावा. कुषाणांची तांब्याची झिजलेली नाणी अठराशे वर्षांची असूनही काहीशे रुपयांत मिळतात. उलट सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा चांदीचा रुपया अजून शंभर वर्षांचाही झालेला नाही, तरी त्यासाठी संग्राहक चांदीच्या भावाच्या कित्येक पट पैसे मोजतात. बाजार वयाला भाव देत नाही. ती वस्तू किती उरली आहे, कशा स्थितीत आहे आणि ती खरी असल्याचा पुरावा काय, याला देतो.

परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेड आणि आसपासच्या गावांत ही पारख जरा जास्त गुंतागुंतीची आहे, कारण इथल्या पेट्यांत दोन राज्यांचा पैसा एकत्र सापडतो. सप्टेंबर १९४८ मधल्या पोलीस कारवाईपर्यंत परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि हे संस्थान स्वतःची नाणी आणि स्वतःच्या नोटा चालवत होते. सरकारी भरणा, सारा, बाजार हाली रुपयात होई. नगर, सोलापूर, वऱ्हाडाकडच्या व्यापारातून, रेल्वेतून, फौजेतल्या पगारातून इंग्रजी रुपया येई, त्याला लोक कलदार म्हणत. म्हणून पेटी उघडल्यावर पहिले काम म्हणजे या दोहोंचे वेगळे ढीग करणे. सगळा माल ‘चांदीचे रुपये’ म्हणून एकाच काट्यावर चढवला, की नुकसानीला तिथेच सुरुवात होते.

कलदार ओळखणे सोपे. त्यावर राणीचा किंवा राजाचा चेहरा आणि इंग्रजी साल असते, वजन एक तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम आणि चांदी शेकडा ९१.७. फक्त १९४० पासूनच्या रुपयात चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया तर निव्वळ निकेलचा आहे, हे लक्षात ठेवावे. हाली रुपयावर चेहरा नसतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून त्यावर चारमिनार आला, आणि चारमिनारच्या मधल्या कमानीत एक अक्षर आहे. ते ‘मीम’ असेल तर नाणे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे, ‘ऐन’ असेल तर १९११ मध्ये गादीवर आलेले सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांचे. उस्मान अलींच्या पहिल्या काही नाण्यांत हे ‘ऐन’ अर्धेच कोरलेले आहे, पुढे ते पूर्ण झाले; भिंग घेऊन पाहण्यासारखी ही जागा आहे. वजन ११.१८ ग्रॅम, चांदी शेकडा ८१.८, दुसऱ्या महायुद्धात इथेही चांदी निम्म्यावर आली. आता थोडा हिशेब करू. जुन्या हाली रुपयात शुद्ध चांदी सुमारे ९.१४ ग्रॅम, जुन्या कलदारात सुमारे १०.६९ ग्रॅम. म्हणजे सात हाली रुपयांत जेवढी चांदी, जवळजवळ तेवढीच सहा कलदारांत. आणि संस्थानचा सरकारी दरही नेमका हाच होता: शंभर कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. आजच्या वाचकाला या मेळाचा उपयोग असा, की चांगल्या स्थितीतल्या हाली रुपयाचे वजन ११.१८ ग्रॅमपेक्षा खूप वेगळे भरले किंवा टंच फार खाली लागला, तर नाणे युद्धकाळातले तरी आहे किंवा बनावट तरी. तेवढ्यावरून ‘हाली म्हणजे हलकीच चांदी’ असे कुणी म्हणाले तर त्याला साल विचारावे.

साल वाचण्यात मात्र फसगत होते. हाली नाण्यावर निजामाच्या किताबाजवळ ९२ हा आकडा दिसतो आणि अनेक घरांत तो १८९२ किंवा १९९२ असा वाचला जातो. तो सालाचा आकडा नाहीच. अक्षरांना अंक देण्याच्या अबजद पद्धतीत ‘मुहम्मद’ या नावाची बेरीज ९२ येते, म्हणून तो तिथे कायम आहे. खरे साल हिजरी आहे, चार आकडी, १३ ने सुरू होणारे. उर्दू अंकांत एक म्हणजे उभी रेघ, शून्य म्हणजे ठिपका, सात म्हणजे वर उघडणारा कोन, आठ म्हणजे खाली उघडणारा. हिजरी साल मिळाले, की त्यातून त्याचे शेकडा तीन वजा करून ६२२ मिळवावेत. १३३० चे असे १९१२ च्या आसपास येते. मागच्या बाजूला दर्शनी किंमत, ‘फर्खुंदा बुनियाद हैदराबाद’ हे टांकसाळीचे नाव आणि राज्यारोहणापासूनचे वर्ष असते. ही दोन वर्षे एकमेकांशी जुळतात का, ते पाहावे. न जुळणारे नाणे एक तर दुर्मिळ चुकीचे असते, नाहीतर नकली. आणि नकली असण्याचीच शक्यता जास्त. संस्थानी कागदांवर आणि काही बिल्ल्यांवर फसली सालही भेटते. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो. हे वाचायला हैदराबादला जाण्याची गरज नाही. संस्थानात शिक्षण आणि दप्तर उर्दूत होते, त्यामुळे गावोगावी उर्दू वाचणारी माणसे आहेत. मराठी घरांतले असे वाचक आता फार थकले आहेत, तेव्हा हे काम पुढच्या दिवाळीवर ढकलू नये.

सोन्याच्या अशरफीबद्दल घराघरांत आशा असते. अशरफी खरी असते. तिच्यावरही चारमिनारच आहे आणि वजनही रुपयाइतकेच, ११.१८ ग्रॅम, सोने शेकडा ९१. पण वजन सारखे आणि धातू कितीतरी जड, म्हणून अशरफी रुपयापेक्षा ठळकपणे लहान असायलाच हवी. रुपयाच्याच आकाराची आणि रुपयाच्याच वजनाची ‘अशरफी’ म्हणजे मुलामा दिलेला रुपया. शंका उरली तर पाण्यात वजन करणारा सराफ गाठावा: चांदीचे नाणे तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या साधारण दहापट भरते, अशरफी सतरापटीच्या पुढे. कसोटीवर घासू देऊ नये. त्या एका ओरखड्याने संग्राहकाच्या हिशेबातला मोठा भाग जातो. हारात ओवलेल्या, कडी लावून डाख दिलेल्या रुपयांचेही तसेच. लमाण तांड्यांवरच्या रुपयांच्या हारांत एकेक नाणे म्हणून काढायला गेले तर फारसे हाती लागत नाही, आणि हार मात्र मोडतो. तो अखंड हार म्हणूनच विचारात घ्यावा. जुन्या कारागिरीचे गिऱ्हाईक वेगळे असते.

आता पदके. नाणे आणि पदक यांतला फरक सरळ आहे: नाण्यावर किंमत लिहिलेली असते, पदकावर नसते. पण घरात दोन्ही ‘राजाचा शिक्का’ म्हणून एकाच फडक्यात बांधलेली असतात. इंग्रजी राज्याच्या काळात राजघराण्याच्या समारंभांसाठी भारतात फिरती स्मारक नाणी जवळजवळ काढलीच गेली नाहीत. स्वतंत्र भारताचे पहिले स्मारक नाणे १९६४ चे, नेहरूंचे. राजाच्या समारंभाची आठवण पदकावर असे. १ जानेवारी १८७७, १ जानेवारी १९०३ आणि १२ डिसेंबर १९११ या तिन्ही दिल्ली दरबारांची पदके निघाली. १९११ च्या पदकावर पुढे राजाराणी आणि मागे फारसी मजकूर आहे, आणि त्यामुळेच मराठवाड्यात ते पुष्कळदा निजामाचे समजले जाते. १९३५ मध्ये पाचव्या जॉर्जचा रौप्यमहोत्सव झाला, १९३७ मध्ये सहाव्या जॉर्जचा राज्याभिषेक. या शेवटच्या दोहोंची पदके साम्राज्यभर अनुक्रमे ८५,२३५ आणि ९०,२७९ जणांना दिली गेली. एवढी मोठी संख्या असलेली वस्तू दुर्मिळ कशी म्हणायची? आणि ही अधिकृत पदके, यांशिवाय हौसेने, शाळांतून, दुकानांतून वाटलेले पितळी आणि हलक्या धातूचे बिल्ले वेगळेच. आठव्या एडवर्डचा बिल्ला सापडला तर लोक हरखतात, कारण त्याचा राज्याभिषेक कधी झालाच नाही. पण राज्याभिषेकाची तारीख ठरल्यामुळे १२ मे १९३७ साठीचा माल कारखान्यांनी आधीच ढिगाने तयार केला होता, आणि डिसेंबर १९३६ मध्ये राजाने गादी सोडली तरी तो विकला गेला. गोष्ट विलक्षण असली म्हणून वस्तू दुर्मिळ होत नाही.

मग पदकाची किंमत कशात? मी सुरुवातीला म्हटलेला दुसरा प्रश्न इथे कामाला येतो. १९३५ आणि १९३७ च्या पदकांच्या कडेवर मिळवणाऱ्याचे नाव कोरलेले नसे. पण सोबत एक लहान प्रमाणपत्र येई, त्यावर नाव असे. नुसते पदक चांदीच्या आणि थोड्या हौसेच्या भावाने जाते. तेच पदक प्रमाणपत्र, मूळ डबी, फीत, आणि त्या माणसाचा हुद्दा सांगणारे एखादे दप्तरी पत्र यांसह असेल तर ते एका ठरावीक माणसाचा पुरावा बनते, आणि असे पुरावे एकेकटेच असतात. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश वॉर मेडलचे उदाहरण याहून बोलके आहे. चांदीचे, ३६ मिलिमीटर व्यासाचे, पाचव्या जॉर्जचा चेहरा असलेले हे पदक लाखोंनी निघाले. पण त्याच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते. कड न पाहता ते मोडीत घालणारा माणूस चांदी विकतो आणि नाव फुकट देतो. हैदराबाद संस्थानचे घोडदळ जोधपूर आणि म्हैसूरच्या घोडदळासह पंधराव्या इंपीरियल सर्व्हिस कॅव्हलरी ब्रिगेडमध्ये पॅलेस्टाइनच्या मोहिमेत होते. दिल्लीतले तीन मूर्ती स्मारक त्यांचेच. त्या दलाचे नाव कडेवर असलेले पदक मराठवाड्यात निघाले, तर ते सराफापर्यंत जाण्याआधी कुणीतरी थांबवले पाहिजे. निजामाच्या गोटातही असेच. उस्मान अली खान यांचा रौप्यमहोत्सव फेब्रुवारी १९३७ मध्ये साजरा झाला, तिकिटे निघाली, पदके आणि भेटवस्तू निघाल्या. त्यांतल्या कित्येक भेटी हैदराबादेत पुरानी हवेलीतल्या निजाम संग्रहालयात आहेत. घरात त्या प्रसंगाचे काही असेल तर सोबतचा उर्दू कागद न वाचता फेकू नये.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो खोटा नाही. कुणी म्हणेल, चांदीचा भाव एवढा चढलेला असताना पन्नास हाली रुपयांची एवढी चौकशी कशाला. वजन करावे, पैसे घ्यावेत. पन्नासांपैकी पंचेचाळीस-अठ्ठेचाळीस नाण्यांच्या बाबतीत हे बरोबर ठरण्याचा संभव आहे. सामान्य सालाचा, हाताळून झिजलेला हाली रुपया आजच्या घडीला त्याच्या चांदीपेक्षा फार वर जात नाही, आणि चांदी जसजशी चढते तसतसे हे अंतर आणखी कमी होते. मी चौकशी करा म्हणतो ती उरलेल्या दोन-चार नाण्यांसाठी. ती कोणती, हे ढिगातून वेगळी काढल्याशिवाय कळत नाही, आणि वितळवल्यानंतर कळून उपयोग नाही. उरलेली विकायची असतील तेव्हाही टंचाच्या हिशेबाने तीन ढीग करावेत: जुना कलदार, जुना हाली, आणि १९४० च्या दशकातली निम्म्या चांदीची नाणी. सराफाला फसवायचे आहे असे गृहीत धरू नये. तो धातूचा व्यापारी आहे, धातूचाच भाव सांगणार. नाण्याचा भाव त्याच्याकडे मागणे ही चूक आपली.

दुसरा आक्षेप देवघरातून येतो. लक्ष्मीपूजनाला हीच नाणी चिंच लावून, राखेने किंवा भांडी उजळायच्या पुडीने घासून, दुधाने धुऊन पुजायची रीत आहे, आणि ‘काळे नाणे पूजेत कसे ठेवायचे?’ हा प्रश्न रास्तच आहे. पण घासले की चांदीचा वरचा थर जातो, बारीक अक्षरे बसतात, आणि जाणकाराला ते एका नजरेत दिसते. काळवंडलेपण हा दोष धरला जात नाही, घासलेपण धरला जातो. यावर तोड सोपी आहे. पूजेसाठी दोन-तीन साधी नाणी कायमची बाजूला काढावीत आणि खुशाल उजळावीत. बाकीची कोमट पाण्याने फार तर धूळ जाईल इतकी धुवावीत, मऊ कापडाने टिपावीत, एकेक वेगळी कागदात ठेवावीत. नरम चकचकीत प्लॅस्टिकच्या पिशव्या टाळाव्यात. काही वर्षांनी त्यांतून चिकट हिरवट थर नाण्यावर येतो.

बनावट मालाबद्दल थोडक्यात, कारण त्याचा अंत नाही. राम-सीता, हनुमान किंवा इतर देवांचे चित्र, ‘ईस्ट इंडिया कंपनी’ हे नाव आणि १८१८, १७१७ किंवा १६१६ असे साल असलेली ‘नाणी’ मराठवाड्यातल्या असंख्य घरांत आहेत. कंपनीने असले नाणे कधी पाडले नाही. हे देवस्थानी आठवणीचे शिक्के आहेत. श्रद्धेने ठेवावेत, त्यांच्यावर लाखांची स्वप्ने बांधू नयेत. ती ‘तांदूळ ओढतात’ असे सांगणारा माणूस घरात घेऊ नये. १९३९ चा रुपया मागणीत आहे म्हणूनच १९३८ च्या रुपयाचा शेवटचा आकडा कोरून तो बनवला जातो. भिंगाखाली नऊ इतर आकड्यांपेक्षा वेगळा दिसतो. बिकानेरच्या गंगासिंहांच्या सुवर्णमहोत्सवी रुपयाच्या मागाहून पाडलेल्या प्रती फिरतात. शिवराज्याभिषेकाच्या वेळचा सोन्याचा होन खरा सापडणे ही इतिहासातली घटना असते. बाजारात दिसणारे होन बहुधा आजचे असतात. तांब्याची शिवराई मात्र खरी आणि भरपूर आहे, कारण तिच्या धर्तीची नाणी शिवाजी महाराजांच्या नंतरही दीडशे वर्षांहून अधिक काळ पाडली जात होती. त्यामुळे सामान्य शिवराईला सामान्यच भाव मिळतो.

किंमत पाहताना मागितलेला आकडा आणि मिळालेला आकडा यांत गल्लत करू नये. कुणी एखाद्या रुपयाला दहा लाख मागितले म्हणजे ते मिळाले असे नव्हे. मुंबई, अहमदाबाद, बंगळूरच्या नाणे लिलावगृहांच्या यादीत बोली कुठे थांबली ते छापलेले असते. तो आकडा धरावा, त्यातून दलाली वजा करावी, आणि आपले नाणे त्या नाण्यापेक्षा किती झिजलेले आहे हे प्रामाणिकपणे पाहावे. अभ्यासाचा सल्ला हवा असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला १९८० पासून नाणेशास्त्र संशोधन संस्था आहे. हैदराबादेत, सैफाबादच्या जुन्या टांकसाळीच्या इमारतीत, आता टांकसाळीचे संग्रहालय आहे, आणि चारमिनार छापाची नाणी समजून घ्यायला याहून चांगली जागा नाही.

भावंडांत वाटणी करताना नाणी मोजून सारखी वाटली, म्हणजे वाटणी सारखी झाली असे नाही. आधी प्रत्येक नाण्याचा दोन्ही बाजूंचा आणि पदकाचा कडेसह फोटो काढावा, वजन, साल, आणि ते कुणाकडून आले ते वहीत लिहावे, सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात. हीच वही उद्या विकताना मालकीचा पुरावा होते. शंभर वर्षांचे किंवा त्याहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि खासगी माणसाला ते परदेशी पाठवता येत नाही. म्हणजे १९२५ पर्यंतचा सगळा हाली आणि कलदार आता या कक्षेत आला आहे. अमेरिकेतल्या मुलाकडे ‘आठवण म्हणून’ पाठवण्याआधी हे ध्यानात घ्यावे. वारशाने पेटीत आलेले नाणे आणि वाडा पाडताना भिंतीतून किंवा जमिनीतून निघालेला हंडा कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रझाकारांच्या धामधुमीत लोकांनी किडूकमिडूक भिंतींत दडवले, आणि ते वाडे आता उतरवले जात आहेत. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे असे दहा रुपयांहून अधिक मोलाचे काही सापडले, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते, आणि न कळवणे हा गुन्हा आहे. आणि कुणी फोनवर रिझर्व्ह बँकेचे नाव सांगून जुने नाणे लाखांना घेतो, आधी नोंदणी शुल्क किंवा कर भरा, असे म्हणाला, तर फोन ठेवून द्यावा: रिझर्व्ह बँक अशा व्यवहारात नाही आणि त्यासाठी कुणाकडून पैसेही घेत नाही, हे तिने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले आहे.